सहाशे एकेचाळीसचं पान

पहिल्यांदा ती संख्या पाहिली
फेरीबोटीच्या केबिनमध्ये, खिळ्याला टांगलेल्या वहीत:
४२९४९६७२९७.
दहा आकडे, म्हणून मोबाईल नंबर वाटला.
लावून पाहणार होतो.

वही लिबेराता टीचरची.
जुने गोवें ते दिवाडी, सकाळी सात-चाळीसची फेरी,
बावीस वर्षं डावीकडचं तेच बाकडं,
पिशवीत गरम उंडे, कानामागे पेन्सिल.
धक्का ते धक्का सात मिनिटं,
आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षी
सात मिनिटांत एक भागाकार.
बोट लागली की रेघ मारून उठायची,
उत्तर आलेलं असो, नसो.

एकदा दोर गुंडाळता गुंडाळता विचारलं,
काय शोधता एवढं?
म्हणाली, एक घे. बत्तीस वेळा दुप्पट कर.
वर मिठाचा एक खडा ठेव.
आता हा ढीग सारखा वाटून दाखव,
खडाही उरता कामा नये.

दोनाने भागलं, बाकी एक.
तिनाने दोन. सातानं पाच.
तेरानं दहा उरले, एकोणीसनं सात.
पानामागून पान, फक्त मूळ संख्या,
ज्यांना स्वतःलाच कुणी वाटून घेऊ शकत नाही
त्या या ढिगाला वाटायला आलेल्या,
आणि दर पानाच्या तळाशी
काहीतरी उरलेलं, चौकटीत.
एकशेपंधरा चौकटी मोजल्या मी.
शेवटची सहाशे एकतीसची:
बाकी एकशे त्र्याहत्तर.

त्यापुढच्या पानावर, वर, मधोमध,
६४१.
खाली कोरं.
त्या दिवशी शाळेत निरोपसमारंभ होता बहुतेक.
हार, नारळ, फोटो,
आणि परतीच्या फेरीत सगळे तिच्याशी बोलत होते.

मी पाचवीत तिच्या हाताखाली नापास झालेला.
तरी एका गुरुवारी, दुपारच्या रिकाम्या फेरीत,
दोन स्कूटर आणि बांगड्यांची एक पाटी घेऊन निघालो तेव्हा
डिझेलच्या पावतीमागे आकडे मांडले.
खाली उतरवा, वजा करा, खाली उतरवा.
नदीच्या मध्यावर पोचलो तेव्हा सदुसष्ट लाख झाले होते.
माळारचा धक्का दिसू लागला, चारशे सतरा,
आणि खाली उतरवायला आकडाच नव्हता.
पुन्हा पाहिलं.
शून्य.
निःशेष.
बांगड्यांवरची माशी उठून पुन्हा तिथेच बसली.

शर्वाणी कॉलेजला जाते याच बोटीनं. तिला पावती दाखवली.
ती हसली: एवढे भागाकार कशाला, मामा?
चौसष्टच्या पटीत एक मिळवून जी मूळ संख्या येते
तिनंच हिला भाग जाईल, जायचा असेल तर.
एकशे त्र्याण्णव, दोनशे सत्तावन्न,
चारशे एकोणपन्नास, पाचशे सत्त्याहत्तर,
मग हीच.
पाच दारं वाजवायची. पाचवं उघडतं.
टीचरना माहीत नव्हतं का?

काय सांगू.
फेरीबोट सातऐवजी एका मिनिटात पोचवली
तर बावीस वर्षांच्या त्या बाकड्याचं काय करायचं,
हे तिला विचारणार होतो, पण धक्का आला.

रविवारी मडगावला गेलो, टीचरच्या भाचीकडे.
एका कानानं ऐकू येत नाही आता.
पावती खिशात होती, घडी घातलेली.
कसं सुरू करावं कळेना, म्हटलं,
टीचर, बाकी काय?
म्हणाली, बाकी बरं.
मग बराच वेळ रस्त्याकडे बघत बसली,
आणि अचानक:
ती एकशे त्र्याहत्तर रे, बरोबर होती का?
मला शेवटी घाई झाली होती.

होती, म्हटलं.
तपासली नव्हती मी.

सोमवारी सकाळी सात-चाळीसला तपासली.
बरोबर होती.
वही खिळ्याला आहे.
६४१ खाली अजून काही लिहिलेलं नाही.